इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे शिकवण्याचा तास कसा सुरू करावा

पाचवीत पोहोचलेल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, ही अडचण जगभरातील अनेक सरकारी शाळांची आहे. तिच्यावर मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने घडवलेली, मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे शिकवण्याची पद्धत पुढे झांबिया, बोट्सवाना अशा देशांतील शाळांनीही स्वीकारली. तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी ती कोणत्याही शाळेला राबवता येईल.

सुरुवात तोंडी चाचणीने करावी. प्रत्येक मुलाला इतरांपासून थोडे दूर बसवून पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद वाचायला द्यावा. तो सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट पुढे ठेवावी आणि अडखळला तर सोपे शब्द, त्यानंतर सुटी अक्षरे दाखवावीत. गणितात संख्याओळख, हातच्याची वजाबाकी आणि एक अंकी संख्येने भागाकार एवढे तपासणे पुरेसे असते. या नोंदी म्हणजे गुण नव्हेत. त्या प्रगतिपुस्तकात गेल्या की मुले, आणि खरे तर शिक्षकही, त्या लपवू लागतात.

त्यानंतर तिन्ही इयत्तांतील मुले एकत्र करून पातळीनुसार गट पाडावेत. भाषेचे आणि गणिताचे गट वेगळे असावेत, कारण गोष्ट वाचणारे मूल वजाबाकीत अडलेले असू शकते. सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे अक्षरगट, म्हणजे अजून सुट्या अक्षरांतच अडलेल्या मुलांचा गट, द्यावा. प्रत्यक्षात बहुधा याच्या उलट घडते.

खरी कसोटी वेळापत्रकाची आहे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये या पद्धतीचे साहित्य व प्रशिक्षण देऊनही शाळेच्या नेहमीच्या तासांत फारसा फरक पडला नाही, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत शिक्षक पाठ्यपुस्तकाकडेच वळत राहिले. हरयाणात २०१२-१३ मध्ये मात्र या कामासाठी रोजचा स्वतंत्र तास राखला गेला, त्या तासात मुलांना पातळीप्रमाणे बसवले गेले आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस वर्गात शिकवून पाहिले; तेथे मुलांचे वाचन सुधारले, गणितात मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणून हा तास ठरलेल्या वेळीच घ्यावा, त्या वेळेत पाठ्यपुस्तक उघडू नये आणि केंद्रप्रमुखांच्या (परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) भेटीतही शाळेच्या नोंदवह्या तपासण्याऐवजी एखाद्या गटासोबत बसण्याचा आग्रह धरावा.

तासाभरात मोठ्याने वाचन, गप्पा, बाराखडीच्या तक्त्यावरील खेळ आणि थोडे लेखन असे सारे व्हावे. गणितासाठी काड्यांचे गठ्ठे आणि खोट्या नोटा उपयोगी पडतात. नुसत्या अक्षरांच्या घोकंपट्टीत तास घालवू नये. अक्षरगटातील मुलांनाही रोज गोष्ट ऐकवावी, तिच्यावर बोलू द्यावे आणि त्यांना सुचेल ते, चुकत का होईना, लिहू द्यावे.

काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्यावी, पुढे गेलेल्या मुलाला त्याच दिवशी वरच्या गटात पाठवावे आणि जे मूल दोन चाचण्यांत जागचे हलले नाही, त्याची दृष्टी, श्रवण आणि घरी बोलली जाणारी भाषा यांची स्वतंत्र चौकशी करावी.