सायबर हेरगिरीमागे कोणता देश, हे ठरवताना या चुका टाळा

भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माण्या आहेत, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. अशा ठिकाणी माल पुरवणारे कारखानदार जळगाव एमआयडीसीत आहेत, धुळ्यातही आहेत. हेरगिरी करणाऱ्या टोळ्यांना मोठ्या संस्थेत शिरण्यापेक्षा तिच्या पुरवठादाराकडे शिरणं सोपं जातं. एखाद्या दिवशी निविदेच्या नावाने आलेली फाइल अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर उघडली जाते आणि संध्याकाळपर्यंत अख्खं ऑफिस म्हणू लागतं, "भाऊ, हे चीनचंच काम!" निकाल इतक्या लवकर लागला की तपास बिघडतो. मग त्या निकालाला जुळेल तेवढंच शोधलं जातं आणि बाकीचं नजरेतून सुटतं.

आयपी पत्त्यावरून देश ठरवणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एमएच १९ पाटीचा ट्रक सेंधव्याच्या नाक्यावर दिसला म्हणून आत जळगावचाच माणूस बसलाय असं कोणी म्हणत नाही. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राचा क्रमांक, त्याचंही तेच. सर्व्हर भाड्याने मिळतात, दुसऱ्याचे बळकावताही येतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटनच्या एनसीएससी या सायबर सुरक्षा संस्थेने आणि अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मिळून जाहीर केलं की टुर्ला ही रशियन टोळी इराणी हॅकरांची साधनं आणि त्यांची यंत्रणा वापरत होती. वरवर पाहणाऱ्याने इराणचं नाव घेतलं असतं आणि ते चुकलं असतं.

मुद्दाम पेरलेल्या खुणांना भुलणं

फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनावेळी आयोजकांची यंत्रणा कोलमडली. हा हेरगिरीचा नव्हे, मोडतोडीचा हल्ला होता, पण खुणा पेरण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. प्रोग्राम कोणत्या साधनाने बांधला याची एक छोटी नोंद फाइलच्या सुरुवातीला उमटते. या फाइलमधली नोंद उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीच्या जुन्या फाइलींशी तंतोतंत जुळत होती. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती नोंद प्रत्यक्ष कोडशी ताडून पाहिली. नोंद सांगत होती प्रोग्राम जुन्या साधनाने बांधलाय, कोडमध्ये मात्र नव्या साधनाच्या खुणा होत्या. म्हणजे नोंद बनावट होती. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने या हल्ल्यासह इतर गुन्ह्यांसाठी रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. पुण्याच्या सेक्राइट या सायबर सुरक्षा कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय संरक्षण दलांवर रोख असलेली एक मोहीम उघड केली. तिच्यात साइडवाइंडर या दुसऱ्याच टोळीच्या पद्धती उचललेल्या होत्या, म्हणून तिला साइडकॉपी हे नाव पडलं.

तेव्हा एखादा पुरावा फारच सहज हाती लागला, तर तो खोटा करायला किती कष्ट पडले असते हे आधी पाहा. कोडमधला एखादा चिनी किंवा रशियन शब्द दोन मिनिटांत घालता येतो. महिनोन्‌महिने चाललेली कामाची पद्धत, सर्व्हर घेण्याच्या सवयी, नेमकी कोणती कागदपत्रं उचलली, हे खोटं वठवणं फार अवघड.

घड्याळ न तपासता वेळापत्रक मांडणं

समजा, लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदींमध्ये, रोज ०१:०० ते १०:०० या वेळेत हालचाल दिसते. या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, धरल्या तर बीजिंगमध्ये सकाळी ९ ते संध्याकाळी ६, म्हणजे ऑफिसची सरळ वेळ! पण सर्व्हर भारतीय वेळेवर लावलेला असेल, तर त्याच नोंदी बीजिंगच्या पहाटे ३:३० ते दुपारी १२:३० च्या निघतात आणि सगळा तर्क कोसळतो. फायरवॉल एका वेळेवर आणि सर्व्हर दुसऱ्या, हे लहान कारखान्यांत सर्रास असतं. आधी प्रत्येक यंत्राची वेळ यूटीसी आणि भारतीय वेळ यांतल्या साडेपाच तासांच्या फरकासकट कागदावर लिहा, मगच तक्ता करा.

हत्यार एक, म्हणून टोळी एक

शॅडोपॅड आणि प्लगएक्स ही घुसखोरीची साधनं चीनशी जोडलेल्या अनेक टोळ्या वापरतात. कोबाल्ट स्ट्राइक हे साधन तर खंडणीखोरांपासून हेरांपर्यंत सगळ्यांकडे सापडतं.

दोन गोष्टी अशाच घाईने जोडल्या गेल्याची मुंबईची गोष्ट इथे आठवावी. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. २०२१ मध्ये रेकॉर्डेड फ्यूचर या सायबर सुरक्षा कंपनीने भारतीय वीज क्षेत्रात रेडइको या चीनशी जोडलेल्या टोळीच्या खुणा मांडल्या. पण मुंबईचा अंधार त्यामुळेच झाला हे सिद्ध झालेलं नाही, असंही त्याच अहवालात होतं. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तर कारण मानवी चूक सांगितलं. चर्चेत मात्र दोन्ही गोष्टी एक झाल्या. घुसखोरी आणि बिघाड जवळजवळच्या काळात दिसले, तरी त्यांचे पुरावे वेगवेगळे तपासावे लागतात.

नावांचा गोंधळ

एपीटी२८, फॅन्सी बेअर, सोफॅसी, फॉरेस्ट ब्लिझार्ड ही एकाच टोळीला वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेली नावं. तीन अहवालांत तीन नावं वाचून तीन साक्षीदार मिळाले असं समजू नका. तिन्ही अहवाल मुळात एकाच नमुना फाइलवर उभे आहेत का, तेही बघा.

आधीच गडबड झाली असेल तर

मशीन फॉरमॅट करू नका, बंदही करू नका. मेमरीत चालू असलेला घातक प्रोग्राम वीज गेली की पुसला जातो. नेटवर्कची वायर काढा, मेमरी आणि डिस्क यांच्या प्रती घ्या, मूळ ईमेल हेडरसकट, म्हणजे तो कुठून आणि कसा आला त्या नोंदीसकट, जपून ठेवा. फॉरवर्ड केलेल्या प्रतीत मूळ हेडर टिकत नाही.

देशाचं नाव अहवालात आधीच गेलं असेल तर ते मागे घ्या आणि असं लिहा: "साधनं अमुक टोळीच्या माहीत असलेल्या साधनांशी जुळतात. ती इतरांकडेही आहेत. खात्री कमी." पुढे सर्व्हरच्या सवयी आणि चोरीचा रोखही जुळला, तर खात्री मध्यम करा. त्या टोळीमागे सरकार आहे हे म्हणायला याहून वेगळा पुरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा गुप्तचर यंत्रणांकडेच असतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. कळवण्यासाठी हल्लेखोर कोण हे ठाऊक असावं लागत नाही. काय दिसलं, केव्हा दिसलं, कोणत्या यंत्रावर दिसलं, एवढं लिहून पाठवा.