मुरघासात कल्चर वापरताय? या चुका टाळा

मराठवाड्यात मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, आता मोठ्या गोठ्यांपुरता राहिलेला नाही. दारात देवणी किंवा लाल कंधारीची दोन जनावरे असलेला शेतकरीही मका कापून बॅगा भरून ठेवतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत हिरवा चारा मिळेलच, याची खात्री येथे कोणी देऊ शकत नाही. बॅगेबरोबर कृषी सेवा केंद्रातून लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे, म्हणजे कल्चरचे, पाकीटही आणले जाते आणि मुरघास बिघडला की सारा दोष त्या पाकिटावर टाकला जातो. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा ते जिवाणू चाऱ्यापर्यंत जिवंत पोहोचलेलेच नसतात.

कल्चर चाऱ्यावर पडण्याआधीच मरते

कल्चर हे खत नव्हे. ती वाळवून सुप्तावस्थेत ठेवलेली जिवंत सृष्टी आहे. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर पडून राहिलेले पाकीट मुदतीत असले तरी त्यातील जिवाणूंची संख्या घटलेली असू शकते. म्हणून ते चारा भरण्याच्या अगदी आधी, थंड जागी ठेवलेले पाहूनच घ्यावे आणि घरी आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे.

दुसरी चूक पाण्याची. टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि क्लोरीनचे कामच जिवाणू मारणे हे आहे. शक्यतो विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरावे. ते नसेल तर क्लोरीनचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग घ्यावे. तसेच उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या ड्रममधले पाणी हाताला कोमट लागत असेल, तर त्यात पाकीट फोडू नये. द्रावण सावलीत, कुट्टी (चाऱ्याचे बारीक तुकडे करणे) सुरू होण्याच्या बेताला तयार करावे आणि त्याच दिवशी संपवावे. तणनाशक किंवा बुरशीनाशक फवारलेला पाठीवरचा पंप या कामासाठी घेणे तर साफ टाळावे, कारण नुसते विसळून त्यातील अंश जात नाहीत.

मात्रेचा हिशेब फारसा कोणी करत नाही, पण तो सोपा आहे. एक ग्रॅम हिरव्या चाऱ्यामागे साधारण 1 लाख जिवंत जिवाणू पडावेत, म्हणजे एका टनाला 10,000 कोटी. पाकिटावर प्रतिग्रॅम 1,000 कोटी लिहिलेले असेल तर टनाला 10 ग्रॅम पुरतात. ज्या पाकिटावर जिवाणूंचे नाव आणि संख्या दोन्ही छापलेली नाहीत, ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय बॅग भरून झाल्यावर वरून एकदाच द्रावण शिंपडल्याने ते वरच्या थरातच राहते. कुट्टी पडत असताना किंवा प्रत्येक थरावर बारीक फवारा हवा.

कल्चरऐवजी ताक ओतण्याची पद्धतही गावोगाव आढळते. ताकातील जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात हे खरे, परंतु ते दुधातील साखरेवर वाढायला सरावलेले असतात. मक्याच्या ताटातील साखरेवर ते तसा जोर धरत नाहीत.

चाराच योग्य नसेल तर

मका 30 ते 35 टक्के शुष्क पदार्थावर, म्हणजे दाण्यातील दुधाची रेषा (दाण्याचा घट्ट व दुधाळ भाग वेगळा दाखवणारी) निम्म्यावर आलेली असताना कापावा. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडल्यावर गोळा हळूहळू मोकळा व्हावा आणि तळहात फक्त ओलसर राहावा. बोटांमधून रस गळत असेल तर चारा फार ओला आहे. अशा चाऱ्यात क्लॉस्ट्रिडियम जिवाणू माजतात आणि मुरघासाला खवट, नासक्या तुपासारखा वास येतो. उलट, वाळलेल्या कडब्यावर कितीही कल्चर ओतले तरी मुरघास होत नाही, कारण तेथे ओलावाही नाही आणि जिवाणूंना लागणारी साखरही फारशी नाही. मक्यात गूळ घालण्याची गरज नसते; लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात मात्र गूळ किंवा मळी उपयोगी पडते. ओल्या, कोवळ्या चाऱ्यात युरिया मिसळणे टाळावे, कारण त्यापासून होणारा अमोनिया आम्लाला निष्प्रभ करतो आणि सामू (आम्लता दाखवणारा पीएच) खाली यायला वेळ लागतो.

पावसाने ताण दिलेल्या मक्याबाबत विशेष सावध राहावे. अशा ताटांच्या बुडख्यात नायट्रेट साठते आणि ताणानंतर पाऊस झाल्यावर लगेच कापणी केल्यास त्याचे प्रमाण जास्त असते. पाऊस झाल्यावर काही दिवस थांबून, जमिनीपासून वीतभर उंचीवर कापणी करावी. मुरण्याच्या क्रियेत नायट्रेट बरेच कमी होते, मात्र पहिल्या काही दिवसांत खड्ड्यातून पिवळट-तपकिरी विषारी वायू निघू शकतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. त्या काळात कोणीही, विशेषतः मुलांनी, खड्ड्यात उतरू नये.

हवा

कुट्टी एक ते दोन सेंटीमीटरची, थर पातळ, दाब भरपूर आणि तोंड त्याच दिवशी बंद, हे सर्वांना ठाऊक असते. राहून जाते ते उंदीर-घुशींकडे लक्ष देणे. बॅगेला पडलेले छिद्र त्याच दिवशी चिकटपट्टीने बंद करावे.

उघडल्यावर दिसणाऱ्या खुणा

प्लँटारम आणि पेडिओकोकस हे जिवाणू सामू झपाट्याने 4 च्या आसपास आणतात, पण बॅग उघडल्यानंतर मुरघास गरम होण्याची तक्रार त्यांनी सुटत नाही. ती उष्णता यीस्टची असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बुकनेरी जातीचे जिवाणू असलेले कल्चर अधिक कामाचे ठरते, कारण ते ॲसिटिक आम्ल तयार करून यीस्टला रोखते. उसाच्या मुरघासात साखर भरपूर असल्याने यीस्ट मद्यार्क तयार करते. तेथेही बुकनेरीचा उपयोग होतो. मात्र त्याला 45 ते 60 दिवस द्यावे लागतात. तीन आठवड्यांत बॅग उघडून ‘फरक पडला नाही’ म्हणणे त्यावर अन्याय आहे.

जळक्या तंबाखूसारखा वास आणि गडद तपकिरी रंग दिसला तर हवा राहून चारा आत तापला आहे, असे समजावे. जनावरे तो आवडीने खातात, पण त्यातील बरीच प्रथिने पचत नाहीत. पांढरी किंवा निळसर-हिरवी बुरशी दिसल्यास तो भाग आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या थरासह उकिरड्यावर टाकावा. तो गाभण गाईला तर देऊ नयेच, पण ‘शेळ्या काहीही खातात’ म्हणून उस्मानाबादी शेळ्यांपुढेही टाकू नये, कारण नीट न आंबलेल्या मुरघासात वाढणाऱ्या लिस्टेरिया जिवाणूंमुळे शेळ्या गाभडतात आणि मेंदूला सूज येऊन एकाच दिशेने गोल फिरत दगावतात.