टीव्हीवर थेट सामना अडकतो, रेकॉर्डिंग मात्र चालते : माझा अनुभव

अधिकृत मोफत अ‍ॅपवर थेट सामना लावला की जाहिरात नीट दिसे आणि त्यानंतर काळ्या पडद्यावर गोल चक्र फिरत राही. त्याच अ‍ॅपवरील जुने सामने मात्र विनातक्रार चालत, आणि मोबाइलवर थेट प्रक्षेपणही दिसे. राउटर बदलणे, अ‍ॅप पुन्हा टाकणे, चित्राची गुणवत्ता कमी करणे यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही. ऐन सामन्यात हे फार मनस्ताप देणारे होते.

दोष टीव्हीच्या घड्याळात होता. थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि पुढचा तुकडा कोणता मागायचा हे अ‍ॅपमधील अनेक व्हिडिओ प्लेअर (चित्रफीत दाखवणारे प्रोग्राम) उपकरणाच्या घड्याळावरून ठरवतात; घड्याळ पुढे असेल, तर अजून तयारच न झालेला तुकडा मागितला जातो. पडद्यावरची वेळ बरोबर दिसली तरी टाइम झोन चुकीचा असू शकतो आणि त्यामुळे टीव्ही आतून धरतो ती जागतिक वेळ चुकते, हे विशेष लक्षात घ्यावे.

प्रथम अ‍ॅप पूर्ण बंद करावे. सेटिंग्जमधील ‘तारीख आणि वेळ’ येथे आधी टाइम झोन योग्य निवडावा, नंतर स्वयंचलित वेळ बंद करून पुन्हा चालू करावी. मग टीव्हीचा प्लग काढून मिनिटभराने लावावा, कारण रिमोटने टीव्ही बहुधा केवळ स्टँडबायवर जातो. शेवटी वेळ पुन्हा तपासून अ‍ॅप उघडावे.