गेन्शिन इम्पॅक्ट : पात्रांची लेव्हल वाढवताना ऐंशीवर का थांबावे

गेन्शिन इम्पॅक्ट या व्हिडिओ गेममध्ये शत्रू मारून मिळणारा एक्सपी (अनुभव-गुण) इतका नगण्य असतो, की त्याच्या भरवशावर पात्राची लेव्हल वाढवण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. येथे लेव्हल वाढते ती पुस्तकांनी. त्यांपैकी सर्वांत मोठे पुस्तक म्हणजे ‘हिरोज विट’. त्यातून २०,००० एक्सपी मिळतो आणि ते वापरताना ४,००० मोरा (खेळातील चलन) खर्च होतात.

आता हिशेब पाहू. लेव्हल १ पासून ८० पर्यंत एका पात्राला ४९,३९,५२५ एक्सपी लागतो. पुढे ८० ते ९० या अवघ्या दहा पायऱ्यांसाठी आणखी ३४,२३,१२५ लागतो. म्हणजे ९० पर्यंतच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४१ टक्के खर्च शेवटच्या टप्प्यातच होतो. पुस्तकांत मोजल्यास या टप्प्याचे १७२ हिरोज विट आणि जवळपास ६ लाख ८५ हजार मोरा होतात. दर ८ मिनिटांना १ या गतीने रेझिन (बक्षिसे घेताना खर्च होणारी ऊर्जा) दिवसाला १८० भरते. वर्ल्ड लेव्हल (खेळातील जगाची काठिण्यपातळी) ८ वर २० रेझिनच्या एका ले लाइनमधून (शत्रूंना हरवून बक्षीस मिळते त्या जागेतून) साधारण सव्वा लाख एक्सपी, तर मोराच्या ले लाइनमधून ६०,००० मोरा मिळतात, हे लक्षात घेतले तर एका पात्राच्या या दहा लेव्हलसाठी चार दिवसांहून अधिक काळाचे सगळे रेझिन संपते. तेवढ्या रेझिनमध्ये टॅलेंटची (पात्राचे हल्ले आणि कौशल्ये वाढवणारी) बरीच पुस्तके जमतात, आणि मुख्य हल्लेखोराच्या बाबतीत टॅलेंटच्या दोन-तीन पायऱ्यांनी पडणारा फरक लढाईत सहसा अधिक जाणवतो.

मात्र ८० गाठल्यावर असेन्शन (पात्राची लेव्हल-मर्यादा वाढवणारी बढती) न करता थांबणे ही चूक ठरते. टॅलेंटची मर्यादा असेन्शनवर अवलंबून असते, लेव्हलच्या आकड्यावर नाही; ८० वरचे शेवटचे असेन्शन झाले की टॅलेंट १० पर्यंत नेण्याची वाट मोकळी होते.

ऐंशीवर थांबण्याच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे. हायपरब्लूम, स्वर्ल, ओव्हरलोडेड यांसारख्या, मूलतत्त्वे एकत्र आल्याने घडणाऱ्या रिअ‍ॅक्शनचे नुकसान पात्राच्या अटॅकवर ठरत नाही. ते ती रिअ‍ॅक्शन घडवणाऱ्या पात्राची लेव्हल आणि एलिमेंटल मास्टरी (मूलतत्त्वांवरील प्रभुत्वाचा आकडा) यांवर ठरते. लेव्हल ८० चा मूळ गुणक सुमारे १,०७७ आहे, तर ९० चा १,४४७; म्हणजे केवळ लेव्हलमुळे ३४ टक्के वाढ. म्हणून हायपरब्लूमच्या संघात ते घडवणारे पात्र कुकी शिनोबू असेल, तर सर्वांत आधी तिला ९० वर न्यावे, मग संघातील इतर तिघे ७० वर राहिले तरी चालेल. बेनेट या साहाय्यक पात्राचे गणित याच्या उलट आहे. त्याच्या बर्स्टमधून (खास शक्तीतून) मिळणारी अटॅकची वाढ त्याच्या आणि शस्त्राच्या मूळ अटॅकवर ठरते, आणि त्यात शस्त्राचा वाटा मोठा असल्याने त्याच्याऐवजी तलवारीची लेव्हल वाढवणे स्वस्त पडते.

नवे पात्र मिळाले की ते वापरायचे नसले तरी २० पर्यंत नेऊन त्याचे पहिले असेन्शन करावे. यासाठी १,२०,१७५ एक्सपी, म्हणजे जेमतेम सहा मोठी पुस्तके आणि काही किरकोळ, एवढाच खर्च येतो आणि बदल्यात एक ‘अक्वेंट फेट’ (नवे पात्र किंवा शस्त्र मिळवण्याच्या सोडतीचे तिकीट) हाती लागते. तिसऱ्या आणि पाचव्या असेन्शनलाही ते मिळते, पण तिथवरचा खर्च पाहता केवळ त्यासाठी पुढे जाणे परवडत नाही.

साथीदारांशी असलेली मैत्रीची लेव्हल १० पर्यंत जाते. तिने पात्राची ताकद वाढत नाही. मिळतात त्या कथा, आवाजातील संवाद आणि शेवटी नेमकार्ड (प्रोफाइलवर लावायचे सजावटी चित्र). त्यामुळे मैत्रीसाठी दुबळ्या पात्राला संघात अडकवून ठेवू नये. त्याला सेरेनिटी पॉटमध्ये (खेळाडूच्या खासगी घरात) ठेवावे. तेथे मैत्रीचा एक्सपी आपोआप साचत राहतो, फक्त तो अधूनमधून जाऊन गोळा करावा लागतो.