बोटीवर म्युझिक सिस्टीम बसवायची? आधी जमिनीवर पिशवी भरा

एक गोष्ट आधी डोक्यात घ्या, आपली बोट गाडीसारखी दारात उभी नसते, ती मुंबईत गेटवेसमोर पाण्यात मूरिंगला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधलेली असते, त्यामुळे एक स्क्रू विसरला की परत डिंगी (किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणारी छोटी होडी), परत त्या ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या आणि अर्धा रविवार गेला. म्हणून भोकं पाडायचं काम शक्यतो पावसाळ्यात, बोट वर काढलेली असते तेव्हाच उरकून घ्या.

स्पीकर खरेदी सगळ्यात शेवटी बरं का. आमचं उलटं झालं, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो, कारचे स्पीकर स्वस्तात मिळाले, लावले डिसेंबरात आणि होळीपर्यंत कागदी कोन भिजल्या पापडासारखा झाला, मागची फ्रेम गंजून हाताला तांबडी पूड. तर मरीन स्पीकरच घ्या, कोन प्लॅस्टिकचा, उन्हाला टिकणारा, आयपी ६५ किंवा वरचं रेटिंग (धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा). पण त्याच्याही आधी पुठ्ठा घ्या, स्पीकरच्या मापाचा गोल कापा आणि बोटीवर जागोजागी धरून बघा, मागे किती खोल जागा आहे, तिथून स्टिअरिंगची केबल किंवा डिझेलचा पाइप तर जात नाही ना, हात घालून चाचपा. होकायंत्राजवळ स्पीकर अजिबात नको, आत लोहचुंबक असतो. स्पीकर लावायच्या आधी तिथे नुसता धरून बघा, काटा हलला की जागा बदला.

आता वायर, आणि इथे मी जरा बोअर करणार. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतल्या आत हिरवी पडते, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना तसलाच प्रकार, म्हणून कल्हई केलेली वायर लागते, दुकानात टिन्ड कॉपर म्हणा. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात विचारा, पण टोक सोलून आत चंदेरी दिसतंय का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जाडीचा हिशोब असा की अॅम्प्लिफायर २० अँपिअर खेचतोय आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे तर जाऊन-येऊन १२ मीटर धरायचे. घरातली अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर घातली तर १२ व्होल्टमधले दीडच्या वर रस्त्यातच जातात, ३ टक्क्यांच्या आत घट ठेवायची तर १० स्क्वेअरही किंचित कमी पडते, सरळ १६ घ्या. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ७ इंचांच्या आत, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला वालीच नसतो, तिथे शॉर्ट झालं की थेट आग. फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. पेट्रोल इंजिनची बोट असेल तर इंजिनाच्या कप्प्यात साधा स्विच, रिले काहीच लावू नका, वाफेला एक ठिणगी बास.

बॅटरी इंजिन स्टार्टची वेगळी आणि गाण्याची वेगळी, यावर वाद नको. १०० एएचची (अँपिअर-तासांची) लेड अॅसिड असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे सरासरी १० अँपिअर खेचलं तर पाचेक तास. एकाच बॅटरीवर समोरच्या किनाऱ्यावरच्या मांडव्याला दिवसभर गाणी वाजवून संध्याकाळी चावी फिरवली की नुसतं टिक टिक, मग कोणाची तरी बोट दोर टाकून ओढते आणि सगळा धक्का बघतो.

पिशवीत काय टाकायचं ते सांगतो, होल सॉ (गोल भोक पाडायची करवत), मास्किंग टेप, मल्टीमीटर, क्रिम्पर (वायरच्या टोकाला लग दाबून बसवायचा पक्कड), आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक लग (गरम केल्यावर वायरवर आवळणारी टोकं), केबल टाय, ३१६ ग्रेडचे स्टीलचे स्क्रू, जादा फ्यूज. गॉगल आणि मास्क नक्की, फायबरचा भुसा अंगाला लागला की रात्रभर खाज. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, उडू नये म्हणून टेप लावून होल सॉ आधी थोडा उलटा फिरवायचा. फायबरच्या दोन थरांच्या मध्ये लाकूड किंवा फोम निघाला तर भोकाची कड इपॉक्सीने बंद करा, नाहीतर पाणी मुरून आत सगळं कुजतं. आणि व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वायरजवळ लावू नका, तो तांबं खातो.

दोन स्पीकर एकाच चॅनलला पॅरलल जोडताय? ४ ओहमचे २ होतात, अॅम्प्लिफायर तेवढं झेपवतो का त्याच्या पाठीवर वाचा. अॅम्प्लिफायरला गाण्याचा सिग्नल आणणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरपासून लांबून न्या, नाहीतर रेस वाढवली की स्पीकरमधून कुईंऽऽ येतं. प्रत्येक जोडाआधी वायरला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून टपकून जातं.

सगळं जोडलं की इंजिन चालू करून, गाणी लावून व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, चॅनल १६ (संकटात हाक मारायचा चॅनल) ऐकू येतोय का बघा, आमचा तांडेल (बोट चालवणारा) त्याशिवाय दोर सोडत नाही.