ली-एनफिल्डला नवा दस्ता आणि फोरएंड बसवताना

1907 साली आलेली शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड मार्क 3 (पुढे हिलाच नंबर 1 म्हणू लागले) ही .303 इंच कॅलिबरची रायफल. तिचे लाकूड एकसंध नसते. मागचा दस्ता वेगळा, पुढचा लांबडा फोरएंड वेगळा आणि नळीवरची दोन हँडगार्ड वेगळी. हे लाकूड बदलताना होणाऱ्या चुका बहुधा दोनच: सुटे भाग उलट्या क्रमाने उकलणे, आणि लाकूड 'दिसायला नीट बसले' की काम झाले असे समजणे.

आधी कायद्याचे. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदुकीची दुरुस्ती हेही परवान्याचे काम आहे, तेव्हा ते परवानाधारक कारागिराकडेच जावे. कारागिराने मॅगझिन आणि बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) काढावा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही प्रकारे खात्री करावी, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा.

खरोखर बदलायची गरज आहे का, हेही पाहा. दस्त्याच्या मानेची चीर किंवा फोरएंडच्या मागच्या टोकाची फूट गोंद आणि लाकडी खिट्टीने बऱ्याचदा सावरते. मूळ लाकडावर कारखान्याचे शिक्के असतात, ते नव्या लाकडावर कुठून येणार? बदललेच, तरी जुने लाकूड टाकू नका. नवे बसवताना नमुना म्हणूनही तेच लागते.

उकलताना पुढून मागे यायचे. आधी नोजकॅपचे (नळीच्या टोकाशी लाकडावर बसणाऱ्या धातूच्या टोपीचे) स्क्रू, मग बाहेरचा बँड (लाकूड आवळणारी धातूची कडी), पुढचे हँडगार्ड, ट्रिगर गार्डचे मागचे आणि पुढचे स्क्रू, आणि फोरएंडच्या खालून आतल्या बँडला धरणारा स्क्रू. या शेवटच्या स्क्रूखाली स्प्रिंग असते, ती उडून हरवते. मागचे हँडगार्ड पत्र्याच्या स्प्रिंग क्लिपांनी नळीला धरून बसते. त्याचे मागचे दोन कान पातळ असतात, म्हणून एका बाजूने उचकटू नका, दोन्ही बाजूंनी समान उचला. फोरएंड काढताना ओढ बॉडीजवळ, म्हणजे नळीमागच्या धातूच्या मुख्य भागाजवळ द्यायची. नळीच्या टोकाकडून पहारीसारखा जोर दिला तर मागचा भाग तडकतो.

दस्ता काढण्याआधी फोरएंड उतरवणे का भाग आहे? दस्ता ज्या लांब बोल्टने (हा वर काढलेल्या सरकत्या बोल्टपेक्षा वेगळा, स्क्रूसारखा) बांधलेला असतो त्याचे पुढचे टोक चौकोनी असते, आणि ते फोरएंडच्या मागच्या टोकातल्या छोट्या पट्टीच्या खाचेत अडकलेले असते. बोल्ट सैल होऊ नये यासाठीची ती युक्ती. फोरएंड जागेवर असताना कोणी बोल्ट फिरवला की चौकोनी टोक लाकूड आतून फाडते. बाजारात दिसणाऱ्या कित्येक फुटक्या फोरएंडांचे कारण हेच आहे. नंतरच्या ली-एनफिल्ड नंबर 4 रायफलीत या बोल्टची ही अडचण नाही. तिचे पाहून नंबर 1 ला हात घालू नका.

या लांब बोल्टचे डोके दस्त्याच्या भोकात खोल असते. बटप्लेटची (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीची) झडप उघडून आतला चामड्याचा किंवा फेल्टचा गोळा आधी काढा, नाहीतर पाते त्यातच रुतते. किमान 12 इंच लांब पात्याचा, खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या. हलणारे पाते दस्ता आतून फोडते.

नवा दस्ता घेताना त्याची लांबी जुळवा. दस्ते चार मापांत येत: एन म्हणजे साधारण, एल अर्धा इंच लांब, एस अर्धा इंच आखूड, बी म्हणजे बँटम, एक इंच आखूड. अक्षर वरच्या कडेवर, बटप्लेटजवळ ठोकलेले असते.

दस्त्याचे पुढचे टोक बॉडीच्या खोबणीत पाचरीसारखे बसते. नवे लाकूड मुद्दाम थोडे जाड ठेवलेले असते. खोबणीच्या आत तेलात कालवलेल्या काजळाचा पातळ हात द्या, दस्ता आत सारा, बाहेर काढा आणि काळे लागले तेवढेच कानशीने किंवा धारदार पटाशीने खरवडा. हे पंधरा-वीस वेळा करावे लागते. दोनदाच झाले तर समजा की तुम्ही जास्त काढले आहे. शेवटी लाकडी हातोड्याच्या ठोक्याने दस्ता आत जावा. खांद्याच्या लाकडात आणि खोबणीच्या कडेत जेमतेम 1 मिलिमीटरची फट राहू द्या, म्हणजे पुढे लाकूड आकसले तरी पाचर घट्ट करता येते. बोल्टने ओढून दस्ता आत नेऊ नका. बोल्ट फक्त धरून ठेवतो, ओढायला लावला की मान फाटते. स्प्रिंग वॉशर विसरू नका, आणि बोल्ट आवळताना चौकोनी टोकाच्या सपाट बाजू फोरएंडमधल्या खाचेशी जुळतील अशा जागी थांबवा.

खरी कसोटी फोरएंडची. गोळी सुटल्यावरचा धक्का स्क्रू झेलत नाहीत. मॅगझिनच्या मागे, ट्रिगरच्या पुढे, लाकडाच्या आत डावी-उजवीकडे दोन तिरपे टेकू असतात, त्यांना ड्रॉ म्हणतात. बॉडीचे कोपरे त्यांच्यावर आदळतात. दोन्ही ड्रॉ एकाच वेळी, सारख्या क्षेत्रावर टेकले पाहिजेत. एकच टेकला तर सगळा भार त्या बाजूला जातो, ड्रॉ ठेचला जातो आणि चीर मागे धावते. काजळाने दोन्हीकडे सारखा ठसा दिसेपर्यंत थांबू नका, पण शेवटच्या टप्प्यात खरवडण्याचा मोह आवरा: एकदा खोल गेलेला ड्रॉ परत येत नाही, तिथे कडक लाकडाचा तुकडा चिकटवून नव्याने बसवावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या मऊ लाकडाच्या फोरएंडांत तिथे तांब्याच्या पट्ट्या घातल्या जात, आणि ईशापूरच्या फोरएंडांत आडवा मजबुतीचा स्क्रू दिसतो. यावरूनच दुखणे कुठे आहे ते कळते.

याउलट फोरएंडचे मागचे टोक बॉडीच्या खोबणीला टेकू नये. कागद सरकेल एवढी जागा ठेवा. ते टेकले तर धक्का ड्रॉ सोडून मागच्या टोकावर येतो आणि तेच फुटते.

पुढच्या ट्रिगर गार्ड स्क्रूभोवती एक कॉलर, म्हणजे धातूचे कडे असते. ती लाकडापेक्षा जरा जास्त उंच राहिली तर स्क्रू घट्ट होऊनही लाकूड सैलच. फारच आखूड असेल तर लाकूड चिरडते. स्क्रू आवळताना शेवटच्या पाव फेऱ्यात लाकूड दबल्याची जाणीव व्हावी. या जागेचा ट्रिगरशीही थेट संबंध आहे: नंबर 1 मध्ये ट्रिगर हा गार्डवर टांगलेला असतो आणि सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) बॉडीत. मधल्या लाकडाची जाडी बदलली की ट्रिगरची दोन टप्प्यांची ओढ बदलते. नंबर 4 मार्क 2 मध्ये ट्रिगर बॉडीवर नेला तो याच कारणाने. म्हणून फोरएंड बसल्यावर रिकाम्या रायफलीवर दोन्ही टप्पे येतात का ते तपासा. पहिला टप्पा गायब झाला असेल तर ट्रिगर न घासता आधी लाकडाची जाडी पाहा.

नळी फोरएंडच्या खोबणीत बाजूंना कुठेही घासू नये. पुढे एक छोटा स्टड आणि स्प्रिंग तिला खालून वर ढकलतात. तो मोकळा हलतो का पाहा. हँडगार्डही नळीला टेकू नयेत. नोजकॅप हाताने जागी सरकला पाहिजे. त्याला ठोकावे लागत असेल तर लाकडाचे टोक तासायचे, नोजकॅपची ओढ नळीवर घालायची नाही.

शेवटी तेल. कच्चे जवसाचे तेल कोमट करून पातळ हात द्या, अर्ध्या तासाने उरलेले पुसा, दिवसभर वाळू द्या, असे पाच-सहा वेळा. आतल्या खोबण्या आणि भोकांच्या कडाही सोडू नका, ओल तिथूनच शिरते. मात्र ड्रॉच्या तोंडावर तेल भिजेपर्यंत ओतू नका, लाकूड तिथे मऊ पडते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. काही फैरींनंतर ट्रिगर गार्डचे स्क्रू पुन्हा तपासा, नवे लाकूड पहिल्यांदा नक्की दबते.