चिकटवलेल्या कंपोझिट जोडाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या लांबून पाहिल्या तर पातं एकसंध वाटतं. पण बहुतेक पाती म्हणजे काचतंतूंच्या कंपोझिटची (तंतू आणि रेझिन मिळून झालेल्या पदार्थाची) दोन कवचं, आत उभा पडदा आणि हे सगळं धरून ठेवणारं अ‍ॅडहेसिव्ह. म्हणून धुळ्यात फायनल इयरचे प्रोजेक्ट बघताना असे जोड मॉडेल करणारी पोरं हमखास भेटतात.

पहिली चूक मीही केलीय. डेटाशीटवरची लॅप शिअर स्ट्रेंथ (एकमेकींवर चढवून चिकटवलेल्या दोन पट्ट्या ओढून मोजलेली ताकद) घ्यायची आणि क्षेत्रफळाने गुणायची. २५ मिमी रुंदी, १२.५ मिमी ओव्हरलॅप, २० मेगापास्कल. झाले ६,२५० न्यूटन. ओव्हरलॅप दुप्पट केला की ताकदही दुप्पट? नाही होत. भार टोकं उचलतात, मधला भाग नुसता बसून असतो. संशोधक व्होल्करसनने हे १९३८ मध्येच मांडलं. शिवाय जोड वाकतो आणि टोकाशी सोलणारा ताण येतो, ते गोलंड आणि राइसनर यांनी १९४४ मध्ये दाखवलं.

मग पोरं मेशकडे वळतात, म्हणजे संगणकावर जोडाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडणाऱ्या जाळीकडे. एलिमेंट १ मिमी, मग ०.५, मग ०.२५, टोकाचा ताण चढतच जातो. "सर, थांबू कुठे?" कुठेच नाही! लिनिअर विश्लेषणात (ताण आणि ताणलं जाणं सरळ प्रमाणात धरलं की) त्या कोपऱ्यावरचा ताण अनंताकडे पळतो. त्या आकड्यावरून जोड तुटला म्हणणं म्हणजे मेशला विचारून निकाल देणं. इथे कोहेझिव्ह झोन मॉडेल घ्या, ज्यात चिकट थर हळूहळू उघडत तुटतो. त्याला स्ट्रेंथसोबत भंगऊर्जाही (तडा पुढे सरकायला लागणारी ऊर्जा) लागते आणि ती डीसीबी (जोड सोलून उघडणारी), ईएनएफ (वाकवून घसरवणारी) या चाचण्यांतून काढावी लागते. दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेली ०.२ मिमी थराची ऊर्जा पात्यातल्या कित्येक मिमी जाड थराला चालत नाही. तडा जिथे उघडतोय त्या पट्ट्यात किमान तीन एलिमेंट हवेत. सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) अडला म्हणून व्हिस्कॉसिटी (त्याला पुढे सरकवायला घातलेला कृत्रिम विरोध) वाढवत बसलात, तर आलेख गुळगुळीत होतो आणि ताकद खोटी वाढते.

तुटलेला नमुना मात्र फेकू नका, भिंग लावून बघा. अ‍ॅडहेसिव्हवर पांढुरके तंतू चिकटलेत? मग तुटलाय पट्टीचा वरचा थर, आणि तुमच्या मॉडेलमध्ये डिलॅमिनेशनच (थर सुटणंच) नाही. पृष्ठभाग स्वच्छ, चकचकीत? मग घासणं-पुसणं चुकलंय. तिथे कुठलंच मॉडेल कामाला येत नाही.

आणि तापमान. डेटाशीटचे आकडे बहुधा २३ अंशांचे असतात; आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला टेकतो, उन्हातलं पातं त्याहून तापतं. खोलीच्या तापमानाला क्युअर झालेला (घट्ट झालेला) इपॉक्सी तेवढ्यात मऊ पडू लागतो.